सोयाबीनमध्ये तुंबलेलं पाणी रडारवर पाहा आणि आजच चर काढा

पुष्याचा पाऊस लागला आहे. लातूर-हिंगोलीपासून वाशीम-यवतमाळपर्यंत काळ्या रानातलं सोयाबीन महिन्याचं झालं, आठ-दहा दिवसांत फुलावर येईल. दरवर्षी नेमका याच दिवसांत घात होतो. बांधावरून पीक हिरवंगार दिसतं आणि मधल्या खोलगटात तीन-तीन दिवस पाणी तुंबलेलं असतं. चिखलामुळे आत कुणी जात नाही. ‘उघडीप मिळाली की चर काढू’ म्हणता म्हणता मुळं कुजतात. मग पिवळा पट्टा दिसतो, आणि माणूस फावडं घ्यायचं सोडून कृषी सेवा केंद्र गाठतो.

मोबाइलवरचे हिरवे-लाल पीकनकाशे सध्या बाजूला ठेवा. ते सूर्यप्रकाशावर चालतात, ढग आले की सगळं पांढरं. रडारचं तसं नाही. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह स्वतःच साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची लहर खाली सोडतो आणि परत आलेली मोजतो. त्याला ढग आडवा येत नाही, रात्रही नाही. एक उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच वाटेने परततो. चित्रं फुकट आहेत: कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट उघडायची, सेंटिनेल-१ निवडायचा, आपलं गाव शोधायचं. गावातल्या कॉलेजच्या पोराला अर्धा तास बसवा. यासाठी हंगामाचं ‘सॅटेलाइट पॅकेज’ विकत घेऊ नका. त्यातल्या प्रत्येक लाल ठिपक्याखाली टॉनिकची बाटली ठेवलेली असते.

चित्र असं वाचायचं. आधी गावचा तलाव शोधा, तो काळा दिसेल. संथ पाण्यावरून लहर घसरून दुसरीकडे जाते, परत येत नाही. पानं, फांद्या, शेंगा तिला उधळतात, म्हणून पीक वाढेल तसं व्हीएच नावाचं चित्र उजळत जातं. आजूबाजूचं रान उजळलं आणि एकच तुकडा लागोपाठ दोन फेऱ्यांत मागे राहिला, तर तिथे जाऊन बघायचंच. पानं दाटली की मात्र खालचं पाणी या लहरीला नीट दिसत नाही. म्हणून पीक लहान असतानाच्या मोठ्या पावसानंतरचं चित्र काढा. भोवतालची ओली माती उजळ आणि मध्ये काळा डाग, तिथे आजही पाणी आहे असं धरून चाला, वरून कितीही हिरवं दिसो.

चित्र फसवतंही. पावसानंतर लगेचचं चित्र ओलीमुळे उजळतं आणि पीक वाढल्याचा भास होतो. सकाळच्या फेरीची तुलना सकाळच्याच फेरीशी करा. चित्रातला एक ठिपका साधारण एका गुंठ्याचा, पण दाणेदारपणामुळे एकट्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या मते दहा गुंठ्यांखालच्या तुकड्याबद्दल रडारला विचारूच नये. आणि रडारला रंग कळत नाही. पिवळा मोझॅक, चक्रीभुंगा, खोडमाशी त्यात दिसत नाहीत. ‘आमच्या रडारने कीड दिसते’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. इस्रो-नासाचा निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या एका रडारची लहर २४ सेंटिमीटरची, पानांतून जास्त खोल जाणारी. पण त्याच्या भरवशावर चर थांबवू नका.

काळ्या डागात गेलात की एक झाड मुळासकट उपटा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर जीव आहे. तपकिरी, लिबलिबीत आणि कुजकट वासाची असेल तर उशीर झालाय, तरी उरलेलं वाचवायला पाणी काढाच. पुस्तकात नसलेली एक खूण: सकाळी टाचेचा ठसा दाबा. पाच मिनिटांत त्यात पाणी झिरपून आलं तर त्या दिवशी दुसरं काम धरू नका.

उताराच्या दिशेने चर काढा आणि तोंडापासून सुरुवात करा. तोंडाशी गाजरगवत आणि गेल्या वर्षीचं कुटार अडकलेलं असतं, वरचे सगळे चर तिथेच अडतात. शेजाऱ्याच्या बांधाचा वाद असेल तर आज सरपंचाला मध्ये घाला, पाणी तारखेसाठी थांबत नाही. वाफसा येताच डवऱ्याला दोरी गुंडाळून चार-सहा ओळींआड सरी पाडा.

पाणी निघाल्यावरच फवारणी. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर १० लिटर पाण्यात हिराकस (फेरस सल्फेट) ५० ग्रॅम, कळीच्या चुन्याची निवळी मिसळून. शेजारी कपाशी एकाएकी मलूल झाली असेल तर १० लिटरला युरिया २०० ग्रॅम, पांढरा पोटॅश १०० ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम. प्रत्येक झाडाला १०० मिली आळवणी, एक-दोन दिवसांच्या आत. दुकानदार ‘याच्यासोबत हेही घ्या’ म्हणेल. नको म्हणा.

बाकीची कामं:
– फुलाआधी कोळपणी उरका
– पिवळे चिकट सापळे
– कामगंध सापळे, हेक्टरी ५
– पक्षिथांबे
– मोझॅकची झाडं उपटून नष्ट करा
– ५ टक्के निंबोळी अर्क
– ई-पीक पाहणी, फोटो शेतात उभं राहून

चर काढल्याची तारीख वहीत लिहा आणि त्यानंतरच्या दोन फेऱ्यांची चित्रं जपून ठेवा. तो तुकडा तरीही उजळला नाही, तर यंदापुरता सोडून मोकळे व्हा. त्यावर आणखी खत-औषध घालू नका.