इंग्लिश लर्नर मुलांच्या परीक्षेचे गुण: वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत मुलाचं नाव शाळेत घालताना ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असं विचारणारा फॉर्म येतो. आपल्यातले काही पालक तिथे बिनदिक्कत ‘इंग्लिश’ लिहितात. पोराला वेगळं बसवतील, ही धास्ती. पण ‘मराठी’ लिहिलं म्हणून मूल लगेच इंग्लिश लर्नर, म्हणजे इंग्लिश शिकायला शाळेची जादा मदत लागणारं मूल, ठरत नाही. आधी एक छोटी चाचणी होते आणि ती जमली तर विषय तिथेच संपतो. खोटं लिहिलं, तर गरज असलेल्या मुलाची हक्काची मदत मात्र हुकते.

पुढची चूक निकाल हातात आल्यावर होते, आणि ती शाळाही करतात. न्यू जर्सी, इलिनॉयसारख्या अनेक राज्यांत हिवाळ्यात इंग्लिश लर्नर मुलांची ‘अ‍ॅक्सेस’ ही इंग्लिशची परीक्षा असते; ती विडा (WIDA) या संस्थेची. (कॅलिफोर्नियात अशीच परीक्षा एलपॅक, टेक्सासात टेलपास.) अ‍ॅक्सेसमध्ये ऐकणं, बोलणं, वाचन, लेखन अशा चारही अंगांना 1 ते 6 मधला स्तर मिळतो आणि शेवटी एक एकूण आकडा. सगळ्यांची नजर त्या शेवटच्या आकड्यावरच. त्यात वाचन आणि लेखन यांचा वाटा प्रत्येकी 35 टक्के, ऐकणं आणि बोलणं यांचा प्रत्येकी 15. आता 3.5 मिळालेली दोन मुलं घ्या. एक मधल्या सुट्टीत तोंडाचा पट्टा चालवतं, पण विज्ञानाच्या प्रयोगाबद्दल चार वाक्यं लिहायला बसलं की गाडी अडते. दुसरं पुस्तकातला किडा, पण हेडफोन लावून संगणकाशी बोलायचं म्हटलं की एका शब्दात उत्तर देऊन मोकळं. दोघांना एकाच तासाला एकच वर्कशीट दिलं, तर परीक्षा घेतली कशाला?

पहिल्या मुलाबद्दल ‘इंग्लिश छान बोलतो, याला काय मदत हवी?’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की आता मोजत नाही. गप्पांचं इंग्लिश एक-दोन वर्षांत येतं. धड्याचं इंग्लिश यायला पाच-सात वर्षं सहज लागतात. दुसऱ्याच्या बाबतीत आधी वर्गात बोलताना ऐकावं. तिथे बोलत असेल, तर अडचण भाषेची नसून माइकची आहे.

‘गेल्या वर्षी 3.2, यंदाही 3.2, म्हणजे प्रगती शून्य’ हा निष्कर्षही घाईचा. स्तर इयत्तेनुसार ठरतो. वरच्या इयत्तेत तोच स्तर टिकवायलाही मुलाला पुढे सरकावं लागतं. वाढ पाहायची तर शेजारचा स्केल स्कोअर, म्हणजे सगळ्या इयत्तांना एकाच पट्टीने मोजणारा आकडा, पाहा. शिवाय खालच्या पायऱ्या भराभर चढल्या जातात, वरच्या सावकाश.

निकाल बहुधा शाळा सुटता सुटता येतो आणि फाइलमध्ये झोपतो. सप्टेंबरात नव्या वर्गशिक्षिकेला त्याचा पत्ता नसतो. पालकांनी निकालाची प्रत घेऊन तिच्याकडे जावं आणि ‘लेखनासाठी या वर्गात नेमकं काय करणार?’ एवढंच विचारावं. इंग्लिश अडत असेल, तर दुभाषा मागावा. तो देणं शाळेचं काम आहे. पोरालाच भाषांतराला बसवू नये, कारण ते स्वतःची तक्रार गाळून सांगतं! ‘घरी मराठी बंद करा’ असा सल्ला मिळाला, तर ऐकून सोडून द्यावा.

मूल इंग्लिश लर्नरच्या यादीतून बाहेर पडलं की पेढे जरूर वाटा, पण त्यानंतर किमान दोन वर्षं शाळेने त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं. त्या काळात इतिहास-विज्ञानाचे गुण घसरू लागले आणि कारण भाषाच वाटलं, तर पुन्हा चाचणी घ्यायला सांगता येतं.