फिंगोलिमॉड घेताना डोळ्यांकडे लक्ष कसे ठेवावे

मल्टिपल स्क्लेरोसिससाठी, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील नसांच्या आवरणाला इजा करणाऱ्या आजारासाठी, फिंगोलिमॉडची गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात एकाहूनही कमी रुग्णांना दृष्टिपटलाच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलावर, सूज येते. मधुमेह असलेल्यांना किंवा पूर्वी डोळ्याच्या आत दाह होऊन गेलेल्यांना हा धोका अधिक असतो. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकून पडद्याची तपासणी करावी, शक्य तेथे ओसीटीही (पडद्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले स्कॅन) काढावी, आणि तीन ते चार महिन्यांनी ती पुन्हा करावी. ही दुसरी तपासणी कृपा करून टाळू नये, कारण सूज असूनही सुरुवातीला काहीच न जाणवणे शक्य असते. खान्देशातील ज्या रुग्णांचे मेंदूविकारतज्ज्ञ नाशिकला किंवा मुंबईला आणि नेत्रतज्ज्ञ जळगावला किंवा धुळ्याला असतात, त्यांनी दोघांचे कागद एकाच फाईलमध्ये ठेवून ती प्रत्येक भेटीत दाखवावी. थेंबांनंतर काही तास अंधूक दिसते, तेव्हा मोटारसायकल चालवत परतू नये.

घरी आठवड्यातून एकदा गणिताच्या चौकटीच्या वहीवर मधोमध ठिपका काढावा, वाचनाचा चष्मा लावावा आणि एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहावे. मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे ठेवल्यास चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकून टाकतो. रेषा नागमोडी दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना गाठावे.

मात्र अंधूकपणाचे कारण प्रत्येक वेळी गोळीच असते असे नाही. मॅक्युलाची सूज सहसा दुखत नाही. उलट बुबुळ फिरवताना डोळा दुखत असेल आणि लाल मिरची त्या डोळ्याला फिकी दिसत असेल, तर दृष्टिचेतेचा (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा) दाह, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचाच झटका, असण्याची शक्यता अधिक. आपल्याकडे तिसरे कारणही आहे. वैशाखात भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा भर उन्हात शेतातून आल्यावर पूर्वी दृष्टिचेतेचा दाह होऊन गेलेल्या डोळ्याला तात्पुरते धूसर दिसू शकते. सावलीत बसून, अंग गार पाण्याने पुसून ते निवळले तर घाबरू नये. निवळले नाही तर थांबू नये.

गोळी स्वतःहून बंद करू नये, कारण ती सोडल्यावर काही रुग्णांत आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळतो. सूज ठरल्यास गोळी थांबवायची की बदलायची हे मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतात. औषध थांबवल्यावर ती बहुधा उतरते. त्यांना फोन करताना कोणता डोळा, कधीपासून, दुखते की नाही आणि गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, हे आधी लिहून घ्यावे.