नसबंदी नेमकी कधी? पिल्लाच्या वयाची तारीख अशी ठरवा

"कितव्या महिन्यात ऑपरेशन करायचं?" या प्रश्नाला बहुतेक जण एकच उत्तर देतात: सहाव्या. मांजरासाठी हे उत्तर उशिराचं ठरतं आणि मोठ्या अंगाच्या कुत्र्यासाठी फार लवकरचं. त्यामुळे आकडा पाठ करण्यापेक्षा तो काढायचा कसा ते बघू.

१. मांजर असेल तर थांबू नका

मांजरी चौथ्या महिन्यातसुद्धा माजावर येऊ शकते, आपल्याला ती अजून पिल्लूच वाटत असते तेव्हा. आमची एका संध्याकाळी पुढचे पाय जमिनीला टेकून, मागचा भाग वर उचलून, शेपटी एका बाजूला घेऊन ओरडायला लागली. आम्हाला वाटलं पोट दुखतंय, म्हणून रात्रभर तिला मांडीवर घेऊन बसलो. सकाळी डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "काही दुखत नाहीये, माजावर आलीये."

मांजरीचं बीज मीलनानंतरच सुटतं, त्यामुळे बोका भेटला की गर्भ राहण्याची शक्यता दांडगी असते. नाही भेटला तर हंगाम संपेपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी तेच ओरडणं. मांजर असो की बोका, पाच महिने पूर्ण होण्याआधी नसबंदी उरकून घ्या. आणि पिल्लांना पाजणारी मांजर गाभण राहत नाही हा निव्वळ गैरसमज आहे. पिल्लं सुटून दूध आटेपर्यंत तिला घरातच ठेवा, मग तारीख घ्या.

२. कुत्र्याचं पूर्ण वाढीचं वजन अंदाजा

आजचं वजन नाही, वाढ संपल्यावरचं. सीमारेषा साधारण २० किलोंची धरा. त्याखालचा कुत्रा असेल तर सहा महिन्यांच्या आसपास, आणि मादी असेल तर पहिल्या माजाआधी. त्यावरचा नर असेल तर वाढ थांबू द्या, म्हणजे ९ ते १५ महिने.

थांबायचं कारण हाडांत आहे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते आणि ती बंद करण्यात लैंगिक संप्रेरकांचा मोठा वाटा असतो. नसबंदीने ही संप्रेरकं लवकर गेली की पट्टी उशिरा मिटते, हाड जरा जास्त लांबतं आणि सांध्यावरचा भार बदलतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाने २०२० मध्ये ३५ जातींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांच्यात लवकरच्या नसबंदीनंतर सांध्यांचे आजार जास्त दिसले, छोट्या जातींत नाही. गंमत म्हणजे अवाढव्य ग्रेट डेनमध्येही तसं दिसलं नाही. म्हणून वजनावरून अंदाज बांधा, पण जात माहीत असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

३. मोठी मादी: इथे खरी ओढाताण

सांध्यांसाठी थांबावं, तर स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. १९६९ सालच्या एका अभ्यासात नसबंदी न केलेल्या माद्यांशी तुलना केली होती. पहिल्या माजाआधी केली तर धोका त्यांच्या ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के, दोन माजांनंतर २६ टक्के. या आकड्यांवर पुढे शंका घेतल्या गेल्या, पण डॉक्टर अजूनही ते डोळ्यांसमोर ठेवतात. शिवाय गर्भाशय राहिलं की त्यात पू होण्याची टांगती तलवार असते. उलट नसबंदीनंतर काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो.

माझं मत विचाराल तर घरात नसबंदी न झालेला नर असेल, किंवा कुत्री मोकळी फिरत असेल, तर पहिल्या माजाआधीच करा. ती कायम पट्ट्याला असेल आणि तुम्ही तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून राखण करू शकत असाल, तर एक माज जाऊ द्या. दुसरा नको. "एकदा पिल्लं होऊ दे, मग करू" याला मात्र वैद्यकीय आधार काहीच नाही.

४. माजाची तारीख लिहून ठेवा

रक्त दिसलं तो पहिला दिवस. माज दोन-तीन आठवडे चालतो, आणि रक्ताचा रंग फिकट होऊ लागला की लोक निर्धास्त होतात. खरं तर नराला जवळ करायचे दिवस तेव्हाच सुरू होतात. माजावर असताना शस्त्रक्रिया टाळतात, कारण रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव वाढतो. माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या.

त्या काळात कुत्री खेळणं अंथरुणात नेऊन कुरवाळू लागली, सड फुगले, तर तो खोटा गर्भ (गाभण नसताना दिसणारी गाभणपणाची लक्षणं) असू शकतो. तो ओसरेपर्यंत तारीख पुढे ढकला, आणि दूध आहे का बघायला सड पिळू नका, त्याने ते आणखी येतं. पण माजानंतर दोन महिन्यांच्या आत ती सारखी पाणी पिऊ लागली, मलूल झाली, ओकू लागली किंवा घाण स्राव दिसला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

५. नराचे दोन्ही वृषण तपासून घ्या

सहा महिन्यांचा झाल्यावरही एखादा खाली उतरला नसेल तर तो पोटात किंवा जांघेत अडकलेला असतो. त्यात पुढे गाठ होण्याची शक्यता जास्त, म्हणून दोन्ही काढावे लागतात. नसबंदीने भटकणं आणि जागोजागी मुतणं कमी होतं, पण भीतीपोटी भुंकणारा-चावणारा कुत्रा सुधारेलच असं नाही. ऑपरेशननंतरही साधारण सहा आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवा.

६. आता स्वतःचं कॅलेंडर बघा

नंतरचे १० ते १४ दिवस घरात कुणीतरी हवं: उड्या मारू द्यायच्या नाहीत, आंघोळ नाही, गळ्यातला कोन (टाके चाटता येऊ नयेत म्हणून घालतात ते नरसाळं) काढायचा नाही. "आत्ता झोपलाय, थोडा वेळ काढू" म्हणून कोन काढला की पाच मिनिटांत टाके तोंडात जातात. टाके दाखवायला न्याल त्या दिवशी वजनही करून घ्या. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते, तेव्हा रोजच्या खाण्यातला साधारण पाव हिस्सा कमी करावा लागतो.