पहिला टॅरँट्युला: रंगाला भुलू नका, उलटा दिसला तर हलवू नका

टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायला घेताना नवखा माणूस हमखास निळ्या कोळ्यावर भाळतो. तो निळा म्हणजे गूटी, आंध्रातला. 1899 साली गूटीच्या रेल्वे लाकूड-डेपोत सापडला, म्हणून ते नाव. आपल्याकडचा म्हणून मलाही त्याचं कौतुक आहे, पण पहिला कोळी म्हणून नको. झाकण उघडलं की वीज चमकावी तसा पळतो आणि चावला तर स्नायूंना दिवसेंदिवस वांब येतात. सुरुवात मेक्सिकन रेड नी किंवा कर्ली हेअर या जातींपासून करा. दोन्ही संथ असतात. मात्र चिडले की पोटावरची कुसळं उडवतात आणि मग खाजकुयली लागल्यासारखी आग होते. टाकीत तोंड घालून बघायचं नाही. डोळ्यात गेली तर दवाखाना.

नर की मादी, हे विचारा. रेड नीची मादी वीस वर्षांहून जास्त जगते. नर वयात आला की थोड्याच काळाचा सोबती.

माशांची उंच टाकी घेऊ नका. जमिनीवरचा कोळी काचेवर चढतो, पडतो आणि पोट फुटून मरतो. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. टाकी उंचच असेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा. वाटीत साधं पाणी ठेवा, स्पंज नको. इथे ब्रिटनच्या थंडीतसुद्धा वरून दिवा लावू नका, कोळी सुकतो.

महिनोन्‌महिने खात नाही? पोट टम्म असेल तर खुशाल राहू द्या, बहुधा कात टाकायची तयारी चाललीय. मग एका सकाळी तो पाठीवर उताणा दिसतो. मेलेला नसतो. मरणारा बहुतेक वेळा पालथाच असतो, पाय मुठीसारखे पोटाखाली आवळून. माझ्या पहिल्या कोळ्याला मी ब्रशने ढोसलं आणि त्याचा एक पाय गेला. पुढच्या कातीत तो पुन्हा फुटला, जरा बारीकच. टाकीत रातकिडा राहिला असेल तर अलगद काढा, मऊ अंगाला तो कुरतडतो. कात टाकल्यावर दात पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे झाल्याशिवाय खायला देऊ नका.

भारतात राहत असाल तर आधी कायदा बघा. रेड नी आणि गूटी दोन्ही साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगायचे तर नोंदणी लागते. विकणारा कागदपत्रांचा विषय टाळत असेल तर रिकाम्या हाती परत या.