जुन्या पीसीला नवा कीबोर्ड जोडताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या ऑफिसांत बिलिंगचे जुने पीसी अजून कामात आहेत. कीबोर्ड बिघडला की खोळंबा होतो, कारण मागे जांभळा गोल पीएस/२ पोर्ट असतो आणि दुकानात बहुतेक यूएसबी कीबोर्डच मिळतात.

मग छोटा जांभळा कन्व्हर्टर आणला जातो. त्यात चिप नसते, फक्त तारा एका पिनवरून दुसरीवर नेलेल्या असतात. पीएस/२ आणि यूएसबी या दोन वेगळ्या भाषा आहेत. कीबोर्डला दोन्ही येत असतील तरच तो कन्व्हर्टर उपयोगी. जुन्या यूएसबी कीबोर्डांना त्या यायच्या, नव्यांपैकी अनेकांना येत नाहीत. वायरलेस कीबोर्डचा रिसीव्हर तर असा बहुधा चालतच नाही. कीबोर्डचे दिवे लागले म्हणून फसू नका: ५ व्होल्ट पोहोचले, एवढाच त्याचा अर्थ. नम लॉक दाबल्यावर त्याचा दिवा बदलतो का ते पाहा. बदलत नसेल तर चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल. साधा पीएस/२ कीबोर्ड मिळत असेल तर तोच घ्यावा, कटकट संपते.

पीसी चालू असताना पीएस/२ पिन काढू-घालू नका. हा पोर्ट त्यासाठी बनलेलाच नाही; मदरबोर्डवरचा, म्हणजे पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डावरचा, फ्यूज उडू शकतो, आणि सुरू होताना न दिसलेला कीबोर्ड नंतर बहुधा ओळखला जात नाही. पीसी बंद करा, पिनची खाच जुळवा, मग दाबा. जोर लावला की पिना वाकतात.

पीसीला यूएसबी पोर्ट असेल तर कन्व्हर्टरच्या वाटेला जाऊच नका. विंडोजमध्ये कीबोर्ड चालतो, पण सुरुवातीच्या काळ्या स्क्रीनवर डिलीट किंवा एफ२ दाबून काहीच होत नाही? बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, 'यूएसबी लेगसी सपोर्ट' बंद असणार. पीएस/२ कीबोर्ड उसना आणून ते सुरू करा. तोही नसेल तर वीज काढून मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी दहा मिनिटं बाहेर ठेवा. सेटिंग मूळ पदावर येतं आणि हा पर्याय बहुधा सुरू होतो. तारीख-वेळ मात्र लगेच नीट करा, नाहीतर बिलांवर चुकीची तारीख पडेल.

विंडोज ७ टाकताना निळ्या यूएसबी ३.० पोर्टात कीबोर्ड लावू नका. त्या इन्स्टॉलरमध्ये ३.० चे ड्रायव्हर नाहीत; काळा २.० पोर्ट वापरा.

यंत्रमागाजवळच्या पीसीच्या पोर्टांत सुताचा भुगा साचतो. पीसी बंद करून कोरड्या मऊ ब्रशने तो काढा, तोंडाने फुंकू नका; ओलावा आत जातो.