झेडपीच्या शाळेवर सोलर बसवायचंय? आधी लाईटबिल काढा

वर्गणीची पावतीपुस्तकं छापायच्या आधी शाळेचं लाईटबिल मागवा. माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे बिल वाचायची सवय जुनी. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाल्यावर ती कामाला आली. बिलावर तीन गोष्टी बघायच्या: थकबाकी, मंजूर भार (महावितरणनं किती किलोवॅट वापरायला मंजूर केलेत) आणि वर्गवारी (बिल कुठल्या दरानं येतं). झेडपीची शाळा ‘सार्वजनिक सेवा – शासकीय’ मध्ये पाहिजे. थकबाकीपोटी मीटर काढून नेला असेल तर तो आधी जोडून घ्या. नेट मीटरिंग म्हणजे सोलरची उरलेली वीज महावितरणला देऊन ती बिलात वळती करून घेणं. सोलर मंजूर भारापेक्षा मोठं असेल तर भारही वाढवावा लागतो, त्याला वेगळा अर्ज लागतो का ते महावितरणकडे आताच विचारा.

मग ग्रामसभेत एकच विचारा: बिल कमी करायचंय, की लाईट गेल्यावर शाळा चालवायचीय? बॅटरी नसलेलं ऑनग्रीड, म्हणजे थेट महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर, महावितरणची लाईट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या विजेचा शॉक बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं. हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच भारनियमनाला वर्गणी दिलेलं गाव शाळेच्या दारात उभं राहील. शाळेच्या वेळेत लाईट जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी घ्या. साध्या ट्युब्युलर बॅटऱ्या चार-पाच वर्षांत बदलाव्या लागतात. तो पैसा कुठून येणार तेही त्याच सभेत लिहून घ्या.

किती किलोवॅट? विक्रेत्याला विचाराल तर तो पाचच सांगेल. स्वतः मोजा. चार वर्गांत आठ जुने पंखे ७५ वॅटचे, आठ ट्यूब २० वॅटच्या, दोन टीव्ही शंभर-शंभरचे: ९६० वॅट झाले. सहा तासांचे पावणेसहा युनिट, त्यात पाण्याची मोटर थोडा वेळ. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅट पुरतं. त्याला दोनशे चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. सावली डिसेंबरात बघा, तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांबतात. कडुलिंब आड येत असेल तर फांदी छाटा, झाड तोडू नका. पोरांनीच लावलेलं असतं ते.

इमारत झेडपीची, म्हणून समितीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ द्या, आणि स्लॅब बघायला बांधकाम विभागाचा अभियंता बोलवा. गळका स्लॅब आधी दुरुस्त करा. नंतर पॅनल उचलणं म्हणजे दुप्पट खर्च. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर घाटमाथ्यावर वारं सोसाट्याचं असतं, तेव्हा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला), पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं अर्थिंग वेगळं, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. कोटेशनं तीन.

पैशाचं सांगते. घरांसाठीची ‘पीएम सूर्यघर’ सबसिडी शाळेला लागू नाही, त्या नादात महिने घालवू नका. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेच्या सोलरचं नाव घाला, वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून (गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येतो तो) काही मिळतंय का बघा. उरलेलं लोकवर्गणीतून. आमच्या भागातली माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यापायी देशभर पांगलेली, जत्रेला मात्र गावी येतात. त्यांच्याकडे रक्कम मागू नका, वस्तू मागा: एक पॅनल, एक बॅटरी. वस्तू म्हटलं की माणूस घासाघीस करत नाही. बचत गटाच्या बायकांकडून महिन्याला दहा-वीस रुपये घ्या, त्यातून देखभालीची पुंजी होते. सगळं समितीच्या खात्यात, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या दोघांच्या सहीनं, पावती पन्नास रुपयांचीही. फळ्यावर देणगीदारांची नावं लिहायचीच असतील तर आकडे घालू नका. पन्नास रुपये देणारी म्हातारी तो फळा बघून पुढच्या वेळी देणारच नाही.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. समितीतले नाराज सूर एसटीनं तिकडं घेऊन जा, माझ्या भाषणापेक्षा ते बरं.

नेट मीटर शक्यतो एप्रिलअखेर बसेल असं बघा. सुट्टीत शाळा बंद असते, पॅनल चालू. ते युनिट पुढच्या बिलांत वळते होतात आणि वर्षाचा हिशोब ३१ मार्चला मिटतो, म्हणजे मे महिन्यातली वीज पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत वापरता येते.

पॅनल धुवायचं ते सकाळी, ऊन तापायच्या आत, साध्या पाण्यानं. बोअरचं क्षाराचं पाणी डाग पाडतं. पोरांना स्लॅबवर चढवायचं नाही. माणूस नेमा, मजुरी द्या. फुकटचं काम दिवाळीपर्यंतच टिकतं.

समिती दर दोन वर्षांनी बदलते, शिक्षकांच्या बदल्या होतात. म्हणून एक फाईल करा: पॅनलची २५ वर्षांची वॉरंटी, इन्व्हर्टरचं वॉरंटीकार्ड, नेट मीटरचा करार, बसवणाऱ्याचा नंबर. इन्व्हर्टरच्या ॲपचा पासवर्ड त्यातच लिहून ठेवा आणि ते ॲप सरांच्या नंबरवर नको, शाळेच्या नंबरवर सुरू करा.