अश्वगंधा, मुसळी, कवचबीज घेताय? या चुका टाळा

काष्ठौषधींच्या दुकानात ‘ताकदीसाठी काहीतरी द्या’ म्हटलं की अश्वगंधा, मुसळी, गोखरू, कवचबीज (खाजकुइलीच्या बिया) यांचं मिश्रण पुडीत बांधून मिळतं. लैंगिक तक्रार नेमकी काय, हे दुकानदार विचारत नाही आणि घेणाराही लाजेपोटी सांगत नाही. पुढच्या निम्म्या चुका तिथेच ठरतात.

तक्रार न ओळखता औषध घेणं

इच्छाच न होणं, इच्छा असून ताठरता न येणं किंवा न टिकणं, वीर्य लवकर पडणं आणि शुक्राणू कमी असणं या चार वेगळ्या तक्रारी आहेत. अश्वगंधेवर जे छोटे अभ्यास झाले, त्यांत ताण कमी होणं, झोप सुधारणं आणि काही पुरुषांत वीर्यतपासणीचे आकडे सुधारणं दिसलं. म्हणजे ताणामुळे इच्छा मंदावलेल्या माणसाला तिचा उपयोग होऊ शकतो. मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि नसा खराब झालेल्या माणसाची ताठरता तिच्यानं परत येईल, ही अपेक्षा चुकीची आहे. गोखरूचंही तेच. निरोगी पुरुषांत तो टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवतो, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. तरी जिमच्या बाटल्यांवर त्याचं नाव ठळक असतं.

लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे रक्तदाब, साखर, तंबाखू यांनी होणारं नुकसान आधी तिथे जाणवतं, छातीत दुखणं पुढे येतं. चाळिशीच्या आसपास ताठरतेची तक्रार नव्याने सुरू झाली असेल तर चूर्णाआधी रक्तदाब, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासा. इच्छाच गेली असेल तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी ८ ते १० च्या दरम्यान द्यायचं, कारण दुपारनंतर पातळी उतरते आणि अहवाल विनाकारण घाबरवतो. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या, रक्तदाबावरचे काही बीटा ब्लॉकर, केसगळतीवरची फिनास्टराइड यांनीही इच्छा कमी होते. त्या आपल्या मनानं बंद करू नका. बदलून मिळतात का, ते डॉक्टरांना विचारा.

बायकांच्या बाबतीत घरोघरी एकच उत्तर तयार असतं, शतावरी. बाळाला अंगावर पाजत असताना इच्छा कमी होणं हा प्रोलॅक्टिनचा परिणाम आहे, आजार नव्हे. पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे संबंध दुखत असतील तर मन मागे सरणारच. तिथे पाण्यावर आधारित वंगण किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाने दिलेलं योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम कामाला येतं. शिवाय बाजारातल्या शतावरी कल्पात मुख्य घटक साखर असतो, हे मधुमेही बाईला कुणीतरी सांगायला हवं.

‘त्याच रात्री गुण आला’ म्हणून खूश होणं

ही सगळ्यांत धोक्याची चूक. अश्वगंधेचा परिणाम अभ्यासांत साधारण ८ आठवड्यांनी मोजतात. कुठलीही मुळी तासाभरात ताठरता आणत नाही. ‘शंभर टक्के हर्बल’ कॅप्सूलने तासाभरात काम केलं, सोबत चेहरा लाल झाला, डोकं दुखलं, नाक चोंदलं, तर तीत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा त्याचं भावंड मिसळल्याचा संशय घ्या. अशी भेसळ जगभर पकडली गेली आहे. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने अशी कॅप्सूल घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

लवकर पतन होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत दुसरी गोम असते: अफू. कामिनी विद्रावण रस हा आयुर्वेदातला जुना पाठ, म्हणजे औषधाची ठरलेली कृती. त्यात अहिफेन म्हणजे अफू आहे. तो रोज घेणाऱ्यांना व्यसन लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ‘एक दिवस नाही घेतली तर अंग मोडून येतं, नाक गळतं, जुलाब होतात’ अशी तक्रार असेल तर ती अशक्तपणाची खूण नाही, अफू सुटल्याची आहे.

मकरध्वजासारख्या पाऱ्याच्या औषधांना ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य लागूच पडत नाही. ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. आणि लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे जितका ठाम दावा, तितका विक्रेता बेफिकीर, असा हिशेब ठेवायला हरकत नाही.

चूर्ण आणि अर्क यांचं माप एकच धरणं

अश्वगंधेच्या मुळाचं साधं चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम घेतात. अर्काची कॅप्सूल ३०० मिलीग्रॅमची, दिवसातून एक किंवा दोन. आता लोक काय करतात? अर्काची पूड सुट्टी विकत घेतात आणि चूर्णासारखा चमचा भरतात. सपाट चहाचा चमचा साधारण अडीच-तीन ग्रॅमचा, शिगोशीग भरला तर जवळपास दुप्पट. जुलाब, मळमळ, दिवसभर पेंग सुरू झाली की ‘उष्ण पडली’ म्हणतात. उष्ण पडली नाही, माप चुकलं. पाच-दहा ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या.

बाटलीवर ‘मूळ’ लिहिलेलं आहे ना, तेही बघा. पानं स्वस्त पडतात म्हणून मिसळली जातात, आणि पोटात घ्यायला मूळच वापरायचं असतं.

गरम दुधात चूर्ण ढवळून पिणं

मुळात पिष्ट भरपूर असतं. ते कच्चं पोटात गेलं की पोट फुगतं, आणि मग ‘मला दूध सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. परंपरेतली रीत क्षीरपाकाची आहे: औषध १ भाग, दूध ८ भाग, पाणी ३२ भाग, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचं. घरचं माप ५ ग्रॅम अश्वगंधा, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. वस्त्रगाळ चूर्ण नको, भरड घ्या. बारीक पूड तळाला बसून करपते आणि पाक कडू होतो. भरड सुती फडक्यात सैल बांधून सोडली तर गाळण्याची कटकटही वाचते. आच मंद ठेवा. भांडं रुंद असेल तर पाणी भसकन आटतं आणि औषध उतरायला वेळच मिळत नाही, म्हणून अरुंद, जाड बुडाचं पातेलं बरं. साखर शेवटी. मध घालायचा तर पाक कोमट झाल्यावर. तूपही घालणार असाल तर दोन्ही समभाग घेऊ नयेत, असा जुना दंडक आहे.

कवचबीज तसंच दळून खाणं

खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की काय होतं, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. बियांचा धोका मात्र कमी माहीत असतो. त्यांत एल-डोपा असतं, साधारण ४ ते ६ टक्के. म्हणजे ५ ग्रॅम कच्च्या पुडीत २०० मिलीग्रॅमच्या वर, कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णाला चिठ्ठीवर मिळणाऱ्या मात्रेच्या जवळपास. ओकाऱ्या, चक्कर, बेचैनी, झोप उडणं यांचं कारण तिथे आहे.

म्हणून शोधन, म्हणजे शुद्धी, करतात: बिया फडक्यात बांधून गाईच्या दुधात लोंबत्या ठेवायच्या, तीन तास उकळायच्या, टरफल काढायचं, गरम पाण्यानं धुवायचं, कडकडीत वाळवून दळायचं. ते दूध टाकून द्यायचं, पिऊन टाकायचं नाही. विकत घेताना पाकिटावर ‘शुद्ध’ लिहिलेलं आहे का पाहा; पुडीत काळे-तपकिरी कण दिसले तर टरफलासकट दळलेली आहे. कंपवात किंवा मानसिक आजारावरची औषधं चालू असतील तर कवचबीज घेऊच नका.

मुसळीच्या नावाखाली काहीही घेणं

सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात, क्लोरोफायटम बोरिविलियानम, आपलं बोरिवली आहे. पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या फोडशीच्या भाजीशी तिचं कूळ एकच. महाग असल्यामुळे तिच्यात सोललेली शतावरी सर्रास मिसळतात. अखंड मुळ्या मागा, पूड नको. मुसळी बोटासारखी आखूड, पांढरट, कटकन मोडणारी. मोडल्यावर मधोमध कडक धागा निघाला तर ती बहुधा शतावरी. काळी मुसळी ही वेगळीच वनस्पती. दुकानदार ‘एकच हो’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

शिलाजीत खडा म्हणून, ‘थेट हिमालयातून’ वगैरे, घेऊ नये. कच्च्या शिलाजीतात जड धातू असू शकतात. शुद्ध केलेलं, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेलं घ्या.

स्वयंपाकघरातले गैरसमज

जायफळ हे पुरणात किसायचं, चमच्यानं खायचं नाही. एक अख्खं जायफळ पाचेक ग्रॅमचं असतं आणि तेवढ्यानं उलट्या, धडधड, भास होऊ शकतात. परिणाम काही तासांनी दिसतो, म्हणून ‘काहीच झालं नाही’ असं समजून लोक पुन्हा घेतात. दोन चिमट्यांपुढे जाऊ नका.

केशरावरचे अभ्यास दिवसाला ३० मिलीग्रॅमचे आहेत, म्हणजे मोजक्याच काड्या. कोमट दुधात २० मिनिटं भिजवा. काडी लाल राहून दूध सावकाश पिवळं झालं तर ठीक. लगेच लाल रंग सुटून काडी पांढरी पडली तर ती रंगवलेली.

कोकण-गोव्याकडच्या कालवांची ख्याती जस्तामुळे टिकून आहे, आणि जस्ताचा उपयोग ते कमी असेल तरच. कालवं कच्ची खाऊ नका. आपलं सुकं किंवा कालवण केव्हाही चांगलं.

उडदाचे नि डिंकाचे लाडू पौष्टिक खरे, पण बसून काम करणाऱ्यानं रोज दोन खाल्ले तर पोटाचा घेर वाढतो, आणि वाढत्या घेराबरोबर टेस्टोस्टेरॉन उतरतं. चरकसंहितेतसुद्धा वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवण्याचे उपाय, सांगताना पोट साफ असणं, मोजून आणि वेळेवर खाणं या अटी आहेत, शिवाय १६ वर्षांच्या आत आणि सत्तरीनंतर नको म्हटलं आहे. कॉलेजातल्या मुलानं प्रोटीनच्या डब्याबरोबर कवचबीज घेण्यापूर्वी एवढं वाचावं.

कुणी घेऊ नये, कधी थांबावं

गरोदरपणात अश्वगंधा नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर अश्वगंधेमुळे हार्मोन वर जाऊ शकतं. सुरू करायची तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर मेथी किंवा अश्वगंधा जास्त घेतली तर साखर खाली घसरते.

एका वेळी एकच वनस्पती सुरू करा, नाहीतर त्रास कशाचा ते कळत नाही. आठ ते बारा आठवड्यांत फरक पडला नाही तर थांबा, मात्रा वाढवू नका. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, भूक मरणं यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करा. अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदलेले आहेत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळी चूर्णं थांबवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांची नावं सांगा.